अंगातली घाण काढायला पावडर लागते का?

वाचकाचं पत्र:

“मी ४४ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी आई गेली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर काढली. तेव्हापासून मनात एकच घोळत असतं, की माझ्याही अंगात विष साठत चाललंय. मैत्रिणीने सांगितलं म्हणून दर महिन्याला आठ दिवस शरीरशुद्धीची पावडर घेते. रोज पाच-सहा लिटर पाणी पिते आणि घामाच्या धारा लागेपर्यंत भरभर चालते. पावडर घेतली की पोट एकदम साफ होतं, हलकं वाटतं. बंद केली की दोन-दोन दिवस शौचाला होत नाही आणि ते सगळं रक्तात उतरेल अशी धास्ती वाटते. सकाळची लघवी पिवळी दिसली तरी जीव घाबरतो. गुडघे दुखतात म्हणून दुखण्यावरची गोळी जवळजवळ रोज घ्यावी लागते. बीपी थोडं वाढलंय असं डॉक्टर म्हणाले होते, पण त्यानंतर मी परत गेले नाही. परवा मुलीने विज्ञानाच्या पुस्तकातून वाचून दाखवलं, की शौच म्हणजे उत्सर्जन नव्हे. मग मी साफ काय करतेय? मुलगी १३ वर्षांची आहे, चेहऱ्यावर मुरुमं आलीत. तिचंही रक्त शुद्ध व्हावं म्हणून तिला पावडर सुरू करू का?”

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. मुलीला पावडर देऊ नका. तुमची पावडरही आजपासून बंद करा. डबा मात्र फेकू नका, तो डॉक्टरांना दाखवायचा आहे. का, ते पुढे येईल.

आईला डायलिसिसच्या खुर्चीत बसलेलं पाहिलेल्या लेकीला “शरीर आपोआप स्वच्छ होतं, काळजी सोडा” असं सांगून भागत नाही. तुमची भीती खोटी नाही. ती फक्त भलत्या जागी जाऊन बसली आहे. आतडं, घाम आणि लघवीचा रंग यांची तुम्ही डोळ्यांत तेल घालून राखण करता आहात. किडनीला ज्यांच्यापासून खरोखर धोका आहे त्या दोन गोष्टी, वाढलेलं बीपी आणि रोजची वेदनाशामक गोळी, तुमच्या पत्रात एकेका वाक्यात येऊन गेल्या. माझ्या डोळ्यांना तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी अक्षरं तीच दिसली.

मुलीच्या पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नाची एक लांबलचक नळी आहे. त्या नळीतून आरपार गेलेलं आणि भिंतीतून आत न शोषलेलं अन्न शरीरात शिरलेलंच नसतं. ते फक्त शरीरामधून वाट काढत पुढे गेलेलं असतं. शौचात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. उरलेल्यात जिवंत आणि मेलेले जिवाणू, न पचलेला चोथा आणि आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी असतात. उत्सर्जन म्हणजे पेशींनी स्वतः जगताना जी टाकाऊ द्रव्यं तयार केली ती बाहेर टाकणं, आणि त्याचा मुख्य रस्ता रक्तातून किडनी आणि फुप्फुसांकडे जातो.

याला एक अपवाद आहे, आणि तो मला फार आवडतो. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. दर सेकंदाला अशा वीसेक लाख पेशी मोडीत निघतात. त्यांच्यातलं लोह शरीर जपून ठेवतं, पण लोहाभोवतीचा जो सांगाडा असतो तो परत वापरता येत नाही. त्याचं बिलिरुबिन होतं. यकृत ते पाण्यात विरघळेल असं करून पित्तात सोडतं, पित्त आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचं रूप पालटतात. त्यांचं हे काम करणारं नेमकं एन्झाइम शास्त्रज्ञांना २०२४ मध्ये कळलं. शौचाला तपकिरी रंग येतो तो यातूनच. या द्रव्यातला थोडासा भाग आतड्यातून परत रक्तात जातो, किडनीत पोचतो आणि लघवीला पिवळा रंग देतो.

म्हणजे सकाळी ज्या पिवळ्या रंगाने तुमचा जीव घाबरतो, तो तुमच्याच जुन्या तांबड्या पेशींचा आहे. रात्रभर आपण पाणी पीत नाही, मेंदू किडनीला पाणी राखून ठेवायचा निरोप देतो, म्हणून सकाळची लघवी दाट आणि गडद असते. ती तशी असणं हे किडनी चांगलं काम करत असल्याचं लक्षण आहे. किडनी खूप खराब झाली की लघवी दाट करायची तिची ताकदच जाते. घाबरायचं ते वेगळ्या जोडीला: शौच पांढुरकं, मातीसारखं आणि त्याच वेळी लघवी गडद, चहासारखी. तसं झालं तर पित्ताची वाट कुठेतरी अडली असण्याची शक्यता असते आणि दवाखाना गाठायला हवा.

आता “रक्तात उतरेल” या धास्तीबद्दल. ही समजूत जुनी आहे आणि एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांचीही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित सर्जन विल्यम आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठाने विष भिनतं असं मानून रुग्णांची मोठी आतडी काढून टाकत. पुढे हा सिद्धान्त टिकला नाही. त्याविरुद्धचा एक साधा युक्तिवाद तुम्हीही पडताळून पाहू शकता. शौचाला झालं की जडपणा, डोकेदुखी, अस्वस्थता लगेच, काही मिनिटांत जाते. रक्तात विष भिनलेलं असतं तर ते उतरायला कितीतरी तास लागले असते. जडपणा येतो तो मलाशय ताणलं गेल्यामुळे. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत काहीही असलं तरी, त्रास होत नसेल तर ते ठीक मानतात. दोन दिवसांनी एकदा होणं त्यात सहज बसतं. यकृत खूप बिघडलेल्या रुग्णांना मात्र बद्धकोष्ठ खरंच बाधतं, कारण आतड्यातला अमोनिया त्यांच्या यकृताला आवरत नाही. त्यांची औषधं आणि नियम वेगळे असतात. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

मग खरी टाकाऊ द्रव्यं कोणती? वजनाने सगळ्यात जास्त भरतो तो कार्बन डायऑक्साइड, दिवसाला जवळपास एक किलो. तो फुप्फुसं बाहेर टाकतात, झोपेतसुद्धा. श्वास रोखून धरा. थोड्या वेळाने जी तडफड होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. टाकाऊ द्रव्य थोडंसं साठलं तरी शरीर किती घायकुतीला येतं याचा अनुभव तेवढ्यात मिळतो. माणूस बारीक होतो तेव्हाही त्याची चरबी बहुतांशी याच वाटेने जाते. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातले सुमारे ८.४ किलो श्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून जातात आणि उरलेल्याचं पाणी होतं. हा हिशेब २०१४ मध्ये दोन संशोधकांनी मांडला तेव्हा अनेक डॉक्टरांनाही नवल वाटलं.

दुसरं द्रव्य नायट्रोजनचं. प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचं लगोलग युरियात रूपांतर करतं. युरिया सौम्य आहे आणि पाण्यात सहज विरघळतो. यकृत हे काम चक्राकार पद्धतीने कसं करतं ते हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडलं. दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीतून जातो. याशिवाय स्नायूंमधून क्रिएटिनिन येतं आणि पेशींच्या केंद्रकातल्या द्रव्यांपासून यूरिक आम्ल. तुम्ही ज्याला विष म्हणता ते मुख्यतः हेच. यातलं काहीही आतड्यात चिकटून बसलेलं नसतं, म्हणून जुलाब करून ते निघतही नाही.

घाम हा अंग थंड ठेवण्यासाठी आहे. त्यात पाणी आणि मीठ असतं, युरिया अगदी थोडा. जास्त घाम आला की लघवी तेवढी कमी होते, इतकंच. चालणं सोडू नका, बीपी आणि साखर या दोन्हींसाठी ते चांगलं आहे. पण घामाच्या धारा निघेपर्यंत स्वतःला दामटायची गरज नाही.

आता किडनीकडे येते, कारण तुमच्या आईची आणि तुमची गोष्ट तिथे आहे.

दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम. विसावलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं आणि त्यातलं एक लिटरहून जास्त या ३०० ग्रॅमच्या वाट्याला जातं. शरीरातल्या फार थोड्या अवयवांना त्यांच्या वजनाच्या मानाने एवढं रक्त मिळतं. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक केशवाहिन्यांचा गुंता असतो. रक्ताच्या दाबाने त्यातून पाणी आणि त्यात विरघळलेलं बारीकसारीक सगळं गाळून खाली येतं, रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं वर राहतात. असं गाळलेलं पाणी मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १७०-१८० लिटर. तुमच्या रक्तातला पातळ भाग सगळा मिळून जेमतेम तीन लिटर. तोच भाग दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

हे वाक्य जरा थांबून वाचा. दिवसातून साठेक वेळा. महिन्यातून आठ दिवस साफसफाई करायची आणि बाकीचे बावीस दिवस घाण साठत राहायची, असा शरीराचा कारभार नाहीच. चांगल्या किडनीत साठायला वेळ मिळत नाही.

आणि या १८० लिटरपैकी बाहेर पडतात फक्त दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं नेफ्रॉनच्या पुढच्या नळीत परत घेतलं जातं. एखादीने रोज अख्खं कपाट रिकामं करावं आणि हवं तेवढं परत लावावं, तसं. साखर पूर्ण परत, अमिनो आम्लं जवळजवळ पूर्ण, मिठाचं तर काय सांगू: दिवसाला सुमारे दीड किलो मीठ गाळलं जातं आणि त्यातलं काही ग्रॅमच लघवीत उतरतं. वरवर पाहता हा द्राविडी प्राणायाम वाटतो. नुसता युरिया वेचून काढला असता तर काय बिघडलं असतं? पण यातच खरी खुबी आहे. टाकाऊ गोष्ट ओळखायची म्हटली तर जगातली प्रत्येक टाकाऊ गोष्ट आधी माहीत असायला हवी. किडनीला फक्त कामाच्या वस्तू ओळखाव्या लागतात. जे तिच्या ओळखीचं नाही ते सहसा परत घेतलं जात नाही आणि आपसूक बाहेर जातं. कालपरवा शोधलेलं औषधसुद्धा.

काही द्रव्यं तर नळीच्या पेशी रक्तातून ओढून स्वतःहून बाहेर ढकलतात. पेनिसिलिन त्यातलंच. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पहिल्यांदा एका रुग्णावर पेनिसिलिन वापरलं तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता, की ते त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा त्यालाच टोचत. किडनी ते इतक्या झपाट्याने बाहेर टाकत होती.

मग पाणी? तुम्ही सहा लिटर प्यायलात की किडनी जास्तीचे चार लिटर पाणी तसंच पुढे सोडते. लघवी पाण्यासारखी पांढरी होते आणि आपण आतून धुऊन निघालो असं वाटतं. पण दिवसभरात युरिया बाहेर जातो तो जवळपास तेवढाच, फक्त जास्त पाण्यात कालवलेला. कॅनडात किडनीचा आजार असलेल्या लोकांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला वर्षभर जास्त पाणी प्यायला सांगितलं होतं. त्यांच्या किडनीची घसरण इतरांपेक्षा काही मंदावली नाही. उलट बाजूने, दिवसभराची टाकाऊ द्रव्यं वाहून न्यायला किमान अर्धा लिटर तरी लघवी व्हावी लागते, म्हणून फार कमी पिणंही चालत नाही. मुतखडा होणाऱ्यांना जास्त पाण्याचा खरंच उपयोग होतो. तुम्हाला तो झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. एरवी तहान लागेल तसं प्या. गरमीत आणि श्रमात थोडं जास्त. लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पुरे.

एकदम खूप पाणी पिण्याचा धोकाही सांगून ठेवते. किडनी तासाला फार तर ८०० मिलिलिटर ते एक लिटर जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून भराभर प्यायलं, आणि त्यातच जुलाबांनी आणि घामाने मीठ गेलेलं असलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि फार उतरलं तर फीट येऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन या घराण्यातल्या वेदनाशामकांमुळे शरीर पाणी आणखी धरून ठेवतं. तुमची गोळी याच घराण्यातली असेल, तर भरपूर पाणी, जुलाब, घाम आणि गोळी या चारही गोष्टी तुमच्याकडे एकत्र आल्या आहेत.

याच गोळ्यांबद्दल आणखी. नेफ्रॉनच्या तोंडाशी रक्त आणणारी जी बारीकशी रोहिणी असते, ती उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. वेदनाशामक गोळी तीच द्रव्यं कमी करते. त्यामुळे गुडघ्याची सूज उतरते आणि किडनीची वाट अरुंद होते. तरण्याताठ्या, भरपूर पाणी असलेल्या शरीरात दोन-चार दिवस हे खपून जातं. अंगातलं पाणी-मीठ रेचकाने आणि घामाने ओसरलेलं असताना रोज घेतलं तर खपत नाही. शिवाय या गोळ्या बीपीही वाढवतात. शुद्धीसाठी म्हणून तुम्ही जे करता आणि दुखण्यासाठी म्हणून जे घेता, ते दोन्ही मिळून त्याच ३०० ग्रॅमवर बोजा टाकतात. हे वाचून घाबरून जावं म्हणून लिहीत नाही. ही कारणं थांबवता येण्यासारखी आहेत म्हणून लिहिते आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडून दुसरा मार्ग विचारून घ्या: लावायचं जेल, ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, मांडीचे स्नायू मजबूत करणारे व्यायाम, फिजिओथेरपी.

पावडरीचा डबा जपून ठेवायला सांगितला तो यासाठी. पोट “एकदम साफ” करणाऱ्या अशा पावडरींमध्ये बहुधा सोनामुखीसारखं रेचक असतं. हलकं वाटतं ते पाणी आणि मळ गेल्यामुळे. सोबत पोटॅशियमही जातं. पण सगळेच घटक डब्यावर लिहिलेले असतातच असं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या वनस्पतीजन्य गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी होऊ लागल्या. गोळ्यांमध्ये एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया नावाची दुसरीच वनस्पती आली होती. तिच्यातलं आम्ल किडनीच्या नळ्या कायमच्या खराब करतं आणि पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही करू शकतं. १९९३ मध्ये हे पहिल्यांदा प्रसिद्ध झालं, पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. गोळ्या वनस्पतीच्याच होत्या आणि त्या बायकाही प्रकृती सुधारायलाच त्या घेत होत्या. तुमच्या डब्यात असलं काही आहे असं मी म्हणत नाही. काय आहे ते कळल्याशिवाय ते पोटात जाऊ नये, एवढंच म्हणते.

आता आईबद्दल. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चारेक तास. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२ तास. किडनीचं काम मात्र १६८ तास चालायचं असतं. म्हणून तर दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी मोजून प्यायचं, पोटॅशियम सांभाळायचं. यंत्र पडद्यातून गाळतं, पण नेफ्रॉनच्या नळीसारखं निवडून परत घेणं त्याला जमत नाही. किडनी तांबड्या पेशी तयार करायला सांगणारं संप्रेरक बनवते, ड जीवनसत्त्व कामाचं करते, तेही यंत्र करत नाही. आई थकलेली असायची, डायलिसिस झालं तरी टवटवी येत नव्हती, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यात तिची किंवा तुमची काही कसूर नव्हती. नेदरलँड्समधल्या कॅम्पन गावी डॉक्टर विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये स्वतः बनवलेलं डायलिसिसचं यंत्र पहिल्यांदा माणसावर वापरलं. त्याच्या जोरावर पहिला रुग्ण वाचला तो १९४५ मध्ये. त्याआधी आईसारख्या रुग्णांना ती दोन वर्षं मिळालीच नसती.

मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे, आणि माझ्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांना ती जास्त हवी असेल: आईच्या किडन्या कशाने गेल्या? मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची जगभरातली दोन मुख्य कारणं. पण काही आजार आनुवंशिक असतात. किडनीत पाण्याच्या गाठी होत जाण्याचा जो नेहमीचा आनुवंशिक प्रकार आहे, त्यात आई-वडिलांपैकी एकाला आजार असला तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. आईची जुनी फाइल असेलच. ती काढा, सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधा. आत्ता ती फाइल उघडणं जड जाईल हे मला समजतं, घरातल्या दुसऱ्या कुणाला सोबत घेऊन बसा.

किडनीचा आजार फार मुका असतो. तिची राखीव ताकद एवढी, की एक किडनी दान केलेली माणसंही नीट जगतात. त्यामुळे बरंच नुकसान होईपर्यंत काही जाणवत नाही, आणि नुसतं क्रिएटिनिन बघितलं तर किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी आकडा कधीकधी नॉर्मलमध्ये दिसतो. म्हणून तुमच्या धास्तीला उत्तर पावडर देऊ शकत नाही, तपासणी देते. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बीपी मोजून घ्या, आणि ते खरंच वाढलेलं असेल तर गोळी टाळू नका. बीपीची वेळेवर घेतलेली गोळी किडनीसाठी जे करते ते कुठलीही शुद्धी करत नाही. रक्तात क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज), सोबत सोडियम, पोटॅशियम आणि साखर. लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. ही लघवीची तपासणी बरेचदा राहून जाते, तुम्ही आवर्जून मागा. गाळणीला पहिली इजा झाली की प्रथिनं निसटू लागतात आणि ती इथे सगळ्यांत आधी दिसतात. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा जुनाट आजार म्हणतात. एकाच रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका, तीन महिन्यांनी पुन्हा बघतात.

लघवीला रोज फेस येऊन तो टिकत असेल, लघवीतून रक्त जात असेल, पावलांवर किंवा पापण्यांवर सूज येत असेल, लघवी एकाएकी खूप कमी झाली असेल, तर आठवडाही थांबू नका.

मुलीची मुरुमं रक्तातल्या घाणीने आलेली नाहीत. या वयात संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात आणि तिथे जिवाणू वाढतात. त्यावर लावायची चांगली औषधं आहेत. त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. वाढत्या मुलीला जुलाबाच्या औषधाची ओळखच करून देऊ नका. या वयात त्याचा संबंध फार लवकर वजनाशी जोडला जातो. आणि तिला सांगा, तिने वाचून दाखवलं ते फार बरं केलं.

पावडर बंद केल्यावर पहिले काही दिवस, कदाचित दोन-तीन आठवडे, पोट मंद राहील. सारखं ढकलून घ्यायची सवय लागलेलं आतडं स्वतःहून चालायला थोडा वेळ घेतं. त्या दिवसांत घाबरून पुन्हा डब्याकडे वळू नका. चोथा असलेलं अन्न हळूहळू वाढवा. सकाळी खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्या वेळेला निवांत बसा, कुंथू नका. पोट फारच अडलं तर डॉक्टर सौम्य औषध देतील. मात्र शौचातून रक्त गेलं, वजन आपोआप घटलं किंवा नेहमीची सवय पार बदलून तशीच राहिली, तर तुमच्या वयात ते दाखवलंच पाहिजे.

आणि आईच्या फाइलमध्ये आनुवंशिक आजाराचं नाव निघालं, तर तुमच्या भावंडांनाही कळवा. त्यांनीही बीपी, लघवी आणि सोनोग्राफी एकदा करून घ्यायला हवी. रिपोर्ट आले की मला लिहा, बीपीचा आकडा आणि गोळीचं नाव विसरू नका.